आमचं उजनीला जायचं चाललंय

काळजी करण्यात माझ्या साडूंचा हात धरणारा माणूस सोलापूर जिल्ह्यातच काय, अख्ख्या भीमेच्या खोऱ्यात सापडायचा नाही. माझी बायको थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणते, म्हणून मीही त्यांना दाजीच म्हणतो. हे दाजी सोलापुरातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. सगळी नोकरी त्यांनी ॲसिडच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर चिठ्ठ्या उरल्या म्हणून घरात हात घातला. त्यांच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवर ‘मीठ’ असं लिहिलेलं आहे आणि साखरेच्या बरणीवर ‘मीठ नव्हे’. बाहेर पडताना ते कुलूप ओढून बघतात, मग अक्कांना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, ओढून बघायला लावतात आणि रिक्षा कोपऱ्यावर पोचली की विचारतात, "आपण वढलं ते आपलंच कुलूप हुतं न्हवं?"

अशा माणसाची एकही काळजी कधी खरी ठरू नये. दाजींची दुर्दैवाने एकदा ठरली. सांगोल्याला एका लग्नाला जाताना त्यांनी घरून पाण्याचे दोन मोठे कॅन भरून घेतले. "तिकडं टँकर आला तर आला," असं म्हणून ते कॅन त्यांनी माझ्या मांडीवर ठेवले, आणि मी वाटभर त्यांची थट्टा केली. त्या दिवशी टँकर खरोखरच आला नाही. वरपक्ष दाजींच्या कॅनमधलं पाणी प्यायला, नवऱ्या मुलाने त्याच पाण्याने तोंड धुतलं आणि नवरीच्या बापाने दाजींना सगळ्यांदेखत मिठी मारली. तेव्हापासून या माणसाला आवरणं कठीण झालं आहे.

या दाजींनी तीन वर्षांपूर्वी उजनीच्या जलाशयात नावेतून रोहित पक्षी बघायला जायचं काढलं. पक्षी हे निमित्त होतं, हे आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं. दाजींचं गाव त्या पाण्याखाली आहे. धरण भरलं तेव्हा ते शाळकरी पोर होते. गावाने घरांच्या चौकटीसुद्धा उचकटून बैलगाड्यांत घातल्या आणि माळावरच्या नव्या गावठाणात बिऱ्हाड मांडलं. अक्का लग्न होऊन आल्या त्या या नव्या गावठाणात. मूळ घर त्यांनी पाहिलेलं नाही. मात्र संसारभर रोज जेवताना ऐकलेलं आहे. घर उगवतीला तोंड करून होतं, ओट्यावर दुपारी सावली यायची, गल्लीच्या टोकाला मारुती. दाजी भाकरी मोडता मोडता एवढं सांगायचे आणि अक्का आमटी वाढता वाढता ऐकायच्या. एक दिवस मात्र त्या म्हणाल्या, "समद्या बाया सासरी जाऊन नांदतात. मी सासर न बघताच नांदले. एकदा दाखवा की मला."

आता यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं, आणि दाजी नाही म्हणालेही नाहीत. त्यांनी फक्त काळजी सुरू केली. एकदा गच्चीवर दोघेच असताना मला म्हणाले, "साडू, न्यायला मी तिला कवाबी नेईन. पण मलाच न्हाय सापडलं तर? बायकोला कुटं घेऊन जाऊ? नुसत्या पाण्यात?" मी हसण्यावारी नेलं, पण ते हसले नाहीत.

सोलापूरचा माणूस सकाळी पेपर उघडला की आधी उजनीचे टक्के बघतो, कारण नळाला पाणी कितव्या दिवशी येणार हे त्यावरून कळतं. टक्के चढले की सगळं शहर खूश. दाजींना मात्र कुठलाच टक्का मानवेना. पाणी जास्त असलं तर पक्षी येत नाहीत, त्यांना पायांपुरतं पाणी लागतं. पाणी फार उतरलं तर पडक्या भिंती वर येतात. "आन् तिनं बगितलं की नुसता धोंड्यांचा ढीग हाय, तर ती काय म्हनंल?" टक्के चढले तरी दाजींचा चेहरा उतरलेलाच. असे त्यांनी दोन हंगाम घालवले.

तिसऱ्या हंगामात मी स्वतः एका नाववाल्याचा नंबर मिळवून दिला. दाजींनी माझ्यासमोरच फोन लावला. पोहता येतं का, हा पहिला प्रश्न. "येतंय की," नाववाला म्हणाला. बुडणाऱ्याला बाहेर काढता येतं का, हा दुसरा. त्यावर तो बिचारा अभिमानाने म्हणाला, "माझ्या नावंतनं अजून कुनी बुडालंच न्हाय, सायेब." दाजींनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "म्हंजे अनुभव न्हाय."

मग रंगीत तालीम झाली. दाजींच्या हॉलमधला दिवाण ही नाव. दोन्ही बाजूंना वजन सारखं पडलं पाहिजे, म्हणून त्यांनी काटा आणला. मी उभा राहिलो, माझी बायको तोंड वाकडं करून उभी राहिली. अक्कांनी मात्र साफ नकार दिला. "सासरी जायला सुनंला तोलून घेत्यात व्हय?" शेवटी दाजींनी त्यांचं वजन अंदाजाने धरलं आणि तो अंदाज मोठ्याने सांगितला. त्या दिवशी आम्हाला चहा मिळाला नाही. पुढचा वाद लुगड्याचा. भडक रंगाने पाखरं बुजतात असं दाजींनी कुठेतरी ऐकलं होतं. अक्कांनी ठेवणीतलं हिरवंगार इरकली काढून ठेवलेलं. "पयल्यांदा सासरी चाललेय," त्या म्हणाल्या, "आन् मातीच्या रंगाचं नेसू?" त्यावर दाजींनी पाखरांची बाजू सोडून दिली.

शेवटी फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही चौघे निघालो. जेऊर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना ऊस-केळी लागली. "हितं समदं माळरान हुतं," एवढंच दाजी एकदा म्हणाले. काठावर लाइफ जॅकेटं चढवली, तालमीप्रमाणे बसलो, नाव निघाली. दाजींनी आधी नाववाल्याला गावाचं नाव सांगून ते कुठे होतं हे विचारलं. तो म्हणाला, "मी धरन झाल्यावर जन्मलो, सायेब. मला पयल्यापासनं पानीच ठावं. ह्या अंगाला असंल."

बराच वेळ दाजी समोरच्या टेकडीकडे बघत होते. एकदम ओरडले, "चपला काढा!" मला वाटलं, नाव बुडतेय. "मारुतीचं देऊळ हितंच कुटंतरी खाली हाय. देवाच्या डोक्यावरनं चपला घालून जायचं?" आम्ही चपला काढल्या. मी बुटाच्या नाड्या सोडायला वाकलो तशी नाव कलली आणि सगळ्या तालमीवर पाणी पडलं. नाववाला अनवाणीच होता, त्याने नुसतं इंजिन बारीक केलं. थोडं पुढे गेल्यावर मी बूट परत घालायला घेतले, तर दाजी म्हणाले, "थांबा. मागं नसंल, फुडं असंल." मग त्यांना ते डावीकडे असावं असं वाटलं. पाण्याला ना गल्ली ना चौक. आम्ही सगळेच अनवाणी बसून राहिलो, कारण मारुती नेमका कुठे नाही हे दाजींना सांगता येईना.

तेव्हा मी त्यांचा चेहरा पाहिला. ही कुलपाची काळजी नव्हती. ते पुन्हा पुन्हा टेकडीकडे बघत होते, मग काठाकडे, मग अक्कांकडे. दोन हंगाम ज्याला भ्यायले ते समोर पसरलं होतं, आणि ते नुसतं पाणी होतं.

पुढे उथळात रोहित उभे होते. शेकड्यांनी, माना वाकवून, चिखलात चोची घालून चरत होते. माझी बायको "अगं बाई!" म्हणून उठायला लागली, तिला मी खाली बसवलं. नाववाल्याने इंजिन बंद केलं. आणि दाजींनी बोट केलं. "ती पाखरं उभी हायत न्हवं? ती आपली गल्ली. आन् कडंला एकटं उभं हाय, तितं आपलं दार." तेवढ्यात तो पक्षी चार पावलं सरकला. दाजी घाबरे झाले. "आता न्हाय! मगाशी हुतं तितं!"

कुणी हसलं नाही. अक्कांनी त्या जाडजूड जॅकेटावरूनच पदर डोक्यावर घेतला. कनवटीची पुडी सोडून हळदकुंकू पाण्यात वाहिलं, पाण्याला हात लावला, तोच ओला हात कपाळाला लावला. किती तरी वेळ त्या तिकडे बघत राहिल्या. मी दाजींकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दाजींचा फोन आला. आवाज पडलेला. "साडू, रातभर डोळा लागला न्हाय. एक इचारू? मी बोट केलं ती जागा आपलीच हुती का? चुकीचं दाखवलं आसंल तर? तिनं तितलं पानी कपाळाला लावलं." ते गाव मी कधी पाहिलेलं नाही, आणि खोटं बोलायला माझी जीभ रेटेना. मी काहीतरी पुटपुटत होतो, तेवढ्यात पलीकडून अक्कांचा आवाज ऐकू आला, भांडी विसळत असाव्यात. "त्यास्नी काय इचारताय? मला इचारा की. तुमी बोट करायच्या आदीच मी वळखलं हुतं."

दाजींना यात एकही शंका काढता येत नव्हती, आणि त्यांना ती काढायचीही नव्हती. मग फोन तोंडाजवळ धरून, अक्कांना ऐकू जाऊ नये अशा बेताने ते मला म्हणाले, "ऐकलं न्हवं, साडू? वळखलं तिनं."