वाढत्या अंगाची सॅक

रेवा उताणी पडली तेव्हा दुकानात शनिवारची चांगली गर्दी होती. पाठीवर पंच्याहत्तर लिटरची सॅक, खाली कारपेट आणि हातपाय हवेत. मी बुटांचं गिऱ्हाईक तसंच सोडून धावले. तिचे वडील संजय शेजारीच उभे होते. त्यांनी तिला हात देऊन उठवलं आणि मला म्हणाले, "काही नाही हो उषाताई, सवय होईल तिला."

मी तेव्हा लेस्टरमधल्या एका आउटडोअर, म्हणजे डोंगरभटकंतीच्या सामानाच्या दुकानात फिटर होते. फिटर म्हणजे गिऱ्हाइकाला बूट आणि रकसॅक मापाने बसवून देणारी बाई. साताऱ्याला कॉलेजात असताना मी आजूबाजूचे सगळे किल्ले पालथे घातले होते. लग्न होऊन इंग्लंडला आल्यावर या उद्योगाचा पगार मिळू शकतो हे कळलं, आणि मी मुळीच वेळ दवडला नाही. ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. गावातली मराठी मंडळी सॅक घ्यायला हमखास माझ्याकडे यायची. सल्ला माझा विचारायची आणि करायची मात्र स्वतःच्या मनाचं.

संजय मूळचे नागपूरचे, इथे एका फर्ममध्ये अकाउंटंट. त्यांची बायको मेधा हॉस्पिटलात फार्मसिस्ट. रेवा इथेच जन्मलेली, पंधरा वर्षांची, चणीने लहान. तिच्या शाळेची एक्स्पिडिशन होती. पाच मुलांची टीम, दोन दिवस डोंगरात चालायचं, मधली रात्र तंबूत काढायची, आणि तंबू, स्टोव्ह, जेवण सगळं आपापल्या पाठीवर न्यायचं. मास्तर लांबून लक्ष ठेवतात, मदत करत नाहीत. आधी दोन प्रॅक्टिस असतात, मग ही फायनल. पहिल्या प्रॅक्टिसला रेवाने बाबांची जुनी, चाकांची पण पाठीला अडकवायचे पट्टेही असलेली प्रवासी बॅग नेली होती आणि पहिल्याच चढाला ती मटकन खाली बसली.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"टीमनी माझा सामान वाटून घेतला," रेवा म्हणाली. "सर म्हणाले, नेक्स्ट टाइम पण असं झालं तर फायनलला नाही नेणार. इट्स नॉट फेअर ऑन द अदर्स."

"आणि नेक्स्ट टाइम कधी?"

"पुढच्या सॅटर्डेला."

ती बोलताना माझ्याकडे बघत नव्हती. "काकू, ते सगळे नाइस होते," ती म्हणाली, "पण आता लंचला ते प्लॅन करतात आणि मला विचारतच नाहीत." पंधराव्या वर्षी डोंगर चढता आला नाही तर चालतं, पण टीमने आपल्याला ओझं समजणं फार लागतं.

मी संजयना विचारलं, "एवढी मोठी सॅक का निवडलीत?"

"अहो, वाढत्या अंगाची नको का घ्यायला? अजून उंची वाढेल तिची. शिवाय इंडियाला जाताना चेक-इनला टाकता येईल. आणि बघा ना, किंमत जवळपास तीच आणि लिटर केवढे जास्त."

मला हसू आवरेना. आपण मुलांचे कपडे असेच घेतो. माझ्या मुलाच्या शाळेच्या ब्लेझरच्या बाह्या पहिलं वर्षभर त्याच्या बोटांपर्यंत येत होत्या आणि तिसऱ्या वर्षी बरोबर बसल्या तेव्हा मी खूश झाले. ब्लेझरचं ते चालतं. बाही लांब झाली तर दुमडता येते. सॅकची पाठ दुमडता येत नाही.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगते. सॅकवर लिहिलेले लिटर म्हणजे तिच्यात किती मावतं ते. ती तुम्हाला उचलता येईल की नाही, हे त्यावरून काहीच कळत नाही. त्यासाठी बघायची ती पाठीची लांबी. मान खाली घातली की मानेच्या तळाशी एक हाड टोचून वर येतं. तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर, ते तुमचं माप. उंचीशी त्याचा फारसा संबंध नाही. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते, बुटक्याची लांब असू शकते. सॅकचा कमरेचा बेल्ट बरोबर त्या हाडांवर बसला पाहिजे, कारण ओझं कमरेने उचलायचं असतं. खांद्याचे पट्टे सॅक फक्त अंगाला धरून ठेवतात. सॅकची पाठ लांब असली की बेल्ट घसरून ढुंगणावर येतो, सगळा भार खांद्यांवर जातो आणि सॅक माणसाला मागे ओढते. रेवा पडली ती अशी. सॅकमध्ये मी दुकानातल्या वाळूच्या उशा भरल्या होत्या म्हणून ते दिसलं तरी. रिकामी सॅक आरशासमोर सगळ्यांनाच शोभून दिसते.

मी रेवाची पाठ मापली. अगदी आखूड. माप बसेल अशा सॅक दुकानात होत्या, बायकांसाठी बनवलेल्या, चांगल्या कंपन्यांच्या. संजयनी किमतीचं लेबल उलटून पाहिलं आणि ते परत हळूच सुलटं केलं.

"एवढं नाही जमणार, ताई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "ह्या मुलीला पुढच्या वर्षी डोंगर आवडेल की नाही, तेही माहीत नाही."

यात त्यांचं चुकलं असं मला वाटलं नाही. मी स्टोअररूममध्ये गेले. मागच्या सीझनची एक सॅक तिथे धूळ खात होती. पंचावन्न लिटरची, साधी, वांग्याच्या रंगाची. त्या रंगापायी कुणी हात लावत नव्हतं. पण तिची पाठ वरखाली करता येत होती, आतल्या चिकटपट्ट्या सोडवून खांद्याचे पट्टे हव्या त्या उंचीवर लावता येत होते. बेल्टही जाड, भरीव होता. खिसे जवळजवळ नव्हते, पावसाचं कव्हर नव्हतं. स्वस्तातली सॅक घेताना मी हेच सांगते: पैसे पाठीला आणि बेल्टला द्या, खिशांना देऊ नका.

दारातच ग्रॅहॅम भेटला. तो आमचा मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण आकड्यांनी गांजलेला.

"उषा, ती क्लिअरन्समधली आहे, पडत्या भावाची."

"माहीत आहे."

"त्यांना सॅक आधीच पसंत होती. पंच्याहत्तरची. फुल प्राइस."

"ती घालून मुलगी पडली, ग्रॅहॅम. सगळ्या दुकानाने पाहिलं. ती विकली तर पुढच्या सोमवारी रिटर्न येईल, आणि शाळेतल्या प्रत्येक आईबापाला कळेल की कुठून घेतली होती."

तो बाजूला झाला, हेच खूप.

पट्टे सर्वांत खालच्या जागी लावले, तीच वाळू भरली आणि सॅक रेवाच्या पाठीवर चढवली. क्रम महत्त्वाचा असतो. आधी सगळे पट्टे सैल करायचे, मग कमरेचा बेल्ट हाडांवर घट्ट आवळायचा, मग खांद्याचे पट्टे ओढायचे आणि शेवटी छातीवरचा. रेवा उभी राहिली. एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही वाळू काढली का?"

"एक कणही नाही."

ती जॅकेटांच्या रांगांमधून चालायला लागली. परत आली, पुन्हा गेली. संजय मात्र सॅकच्या तोंडात डोकावत होते. "पण ताई, ह्याच्यात सामान मावायचं कसं? तिच्या आईने काढून ठेवलेलं बघाल तर..."

"मला बघायचंच आहे," मी म्हटलं. "दुपारी सगळं घेऊन या. आईसकट."

ते दुपारी आले. आम्ही सामान तंबूंच्या विभागात जमिनीवर मांडलं आणि बघता बघता तिथे चालायला जागा उरली नाही. जीन्सच्या दोन जोड्या. मोठा टॉवेल. शॅम्पूची फॅमिली साइझ बाटली. छत्री. स्टीलचे डबे, तेही एकात एक जाणारे नाहीत. आणि या सगळ्यावर, नीट घडी घातलेली, सोलापुरी चादर.

ग्रॅहॅम येऊन उभा राहिला. "हे आपलं दुकान आहे की जुन्या सामानाचा जम्बल सेल?"

"ट्रेनिंग आहे," मी म्हटलं. तो कपाळावर हात ठेवून काउंटरकडे गेला.

मी एकेक वस्तू बाजूला काढू लागले. जीन्स भिजली की वाळत नाही आणि दगडासारखी जड होते, तिच्या जागी शाळेतल्या पीईची, खेळाच्या तासाची ट्रॅक पँट. टॉवेलच्या जागी हातरुमाल. शॅम्पू घरी, एका रात्रीत केसांना काही होत नाही. डबे घरी, जेवण प्लास्टिकच्या पिशव्यांत. मेधा इथपर्यंत मान डोलवत होती. मी चादरीला हात लावला आणि तिने माझं मनगट धरलं.

"ही राहू द्या, उषाताई. तिथे रात्री किती थंडी असते."

"तिच्याकडे स्लीपिंग बॅग आहे ना, शाळेची?"

"ती पातळ आहे, मी हात लावून पाहिली. चादर राहू द्या. मी काही ऐकणार नाही."

खरं सांगायचं तर मला तिचा राग आला. चादरीचं वजन तंबूच्या निम्म्या भागाएवढं होतं. पण तिचा चेहरा पाहिला आणि राग ओसरला. बाई दिवसभर हॉस्पिटलात दुसऱ्यांच्या आजारपणाची औषधं मोजते, तिला थंडी म्हणजे न्यूमोनियाच दिसणार.

"मेधा, जरा इथे झोप," मी म्हटलं.

"काय?"

"झोप म्हणते ना."

दुकानाचा मागचा दरवाजा माल उतरवण्यासाठी उघडाच असायचा. तिथली काँक्रीटची फरशी बर्फासारखी. मी तिला तिथे अंगावर चादर घेऊन आडवं केलं. थोड्याच वेळात ती म्हणाली, "पाठ गारठली." मग मी चादर काढली, खाली फोमची साधी चटई घातली आणि अंगावर नुसती शाळेची ती पातळ स्लीपिंग बॅग टाकली. मेधा पडून राहिली. उठेचना.

"थंडी खालून येते," मी म्हटलं. "अंगाखालच्या कापडातली हवा दबून जाते, मग ते कितीही जाड असो. ही चटई आमच्याकडची सगळ्यांत स्वस्त वस्तू आहे आणि वजनाला काहीच नाही."

मेधाने उठून चादरीची घडी घातली आणि ती आपल्या काखेत मारली. "धपाटे तरी नेऊ देणार का?" तिने विचारलं.

"धपाटे पहिले. टिकतात, पोट भरतं आणि स्टोव्ह पेटला नाही तरी खाता येतात. चांगले दोन जास्त दे."

आता भरायची वेळ. सॅकमध्ये आधी बिल्डर लोक राडारोडा भरायला वापरतात ती जाड प्लास्टिकची पिशवी घालायची. पावसाच्या कव्हरपेक्षा ती बरी, आणि घरदुरुस्तीच्या, डीआयवायच्या दुकानात कवडीमोलाने मिळते. मी हे सांगत असताना ग्रॅहॅम मागेच होता. आमच्याकडचं वॉटरप्रूफ लायनर त्याच्या हातात होतं, ते त्याने मुकाट्याने हुकाला परत टांगलं. स्लीपिंग बॅग तळाला, शाळेकडून आलेला तंबूचा जड भाग मध्ये, पाठीला अगदी टेकून, कपडे बाहेरच्या बाजूने, रेनकोट सर्वांत वर, आणि फोमची चटई गुंडाळून बाहेरून बांधलेली. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की पुन्हा मागे ओढ बसते. सगळं मावलं. वर चार बोटं जागा उरली. संजयनी स्वतः हात घालून खात्री केली.

रेवा सॅक घेऊन स्टोअररूमचा जिना चढली आणि उतरली. पुन्हा चढली. तिसऱ्यांदा वर गेली तेव्हा ती खाली यायलाच तयार नव्हती. वरून ओरडली, "बाबा, हा सॅक माझा आहे." संजयनी पाकीट काढलं.

तो आठवडा माझं कशात लक्ष नव्हतं. शनिवारी लेस्टरला पाऊस लागला आणि रेवाची टीम गेली होती त्या डर्बीशरच्या डोंगरात तो किती असेल, याचाच विचार करत मी दिवसभर बूट बांधत होते. समजा, पट्टा सुटला तर? समजा, मीच माप चुकले असेन तर? मुलीला मी भरवसा दिला होता.

सोमवारी शाळा सुटल्यावर रेवा आली. युनिफॉर्ममध्ये, एकटी नव्हे. तिच्यामागे चार मुलं आणि एक उंच गृहस्थ होते. ते तिचे सर.

"काकू, ही माझी टीम," ती म्हणाली.

सरांनी हात पुढे केला. "निघताना मी प्रत्येकाची सॅक उचलून बघतो," ते म्हणाले. "हिची इतकी लहान दिसली की मला वाटलं, अर्धं सामान घरी ठेवून आली. मी सगळं बाहेर काढायला लावलं. एक वस्तू कमी नव्हती. पुन्हा भरायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत."

"आणि चढावर?" मी विचारलं.

टीममधला एक दणकट मुलगा पुढे आला. त्याचं नाव टॉम. पहिल्या प्रॅक्टिसला रेवाचा स्टोव्ह त्यानेच उचलला होता. त्याने दोन्ही खांदे चोळले आणि म्हणाला, "माझी सॅक नवी होती. डॅडने मोठी घेतली, म्हणाला, यू विल ग्रो इंटू इट." तो लाजून हसला. "शेवटच्या टेकडीवर माझा तंबू तिने घेतला."

मला एकदम भरून आलं आणि ते लपवायला मी मापाचा टेप शोधू लागले. टेप माझ्या गळ्यातच होता. "फायनलचं काय?" मी सरांना विचारलं.

"फायनलला नकाशा तिच्या हातात असेल, वाट तीच काढणार," सर म्हणाले. "टीमनेच ठरवलं."

त्या दिवशी मी चार पाठी मापल्या. टॉमची पाठ त्याच्या उंचीच्या मानाने बरीच आखूड निघाली. त्याची सॅक दुसऱ्या दुकानातली होती, तरी तिची पाठ जुळवून दिली, फुकट. पुढे त्या शाळेची नवी टीम दरवर्षी आमच्याकडे येऊ लागली. ग्रॅहॅमने मागच्या कोपऱ्यात एक बाक, वाळूच्या उशा आणि पाटी लावली: 'सामान घेऊन या, आम्ही भरून बघतो.' हेड ऑफिसने त्याचं कौतुक केलं. कल्पना आपलीच होती, असं तो अजून सांगतो आणि मी त्याला सांगू देते.

रेवाने फायनल पार पाडली. पुढे ती शिकायला कार्डिफला गेली आणि वांग्याच्या रंगाची सॅक घेऊन वेल्सचे डोंगर फिरली. उंची मात्र तिची त्या वर्षानंतर वाढलीच नाही. संजयनी ती पंच्याहत्तर लिटरची घेतली असती, तर ती तिला आजही मोठीच झाली असती. तेव्हा मुलांना कोट घ्या वाढत्या अंगाचा, बूट घ्या अर्धा नंबर मोठा. ओझं वाहायची वस्तू मात्र आज जेवढी पाठ आहे, तेवढीच घ्या.