साखर मागितली आणि लग्न ठरलं

मला मधुमेह निघाला तेव्हा मी पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होतो. अजून लग्नही झालं नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं, "तुमच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही. ते आता रोज टोचून घ्यायचं. आणि टोचल्यावर जेवण चुकवायचं नाही, साखर एकदम उतरते."

चुकलं ते नेमकं मुलगी बघायच्या दिवशी. सकाळी इंजेक्शन घेतलं, पण मामा म्हणाला, "आता काही खाऊ नकोस, तिथं पोहे असतील." बस आलीच नाही. थेरगावला मुलीच्या घरापर्यंत चालत गेलो. खिशात कायम असणारी साखरेची पुडी जुन्या पँटीत राहिलेली.

मुलीचे वडील भाताच्या पिकाबद्दल बोलत होते. माझा शर्ट घामानं भिजला, हात थरथरू लागले. पोह्यांचा पत्ता नव्हता. कसाबसा म्हणालो, "साखर... आधी साखर द्या."

वडिलांनी मांडीवर थाप मारली. "आरं, पोरगी बघायच्या आदीच पसंत! आणा गं साखर!"

मामाही खूश. वाटीभर साखर आली आणि मी ती चारचौघांत बकाबका खाल्ली.

हुशारी आल्यावर गप्प बसवेना. सगळं खरं सांगून टाकलं. वडिलांचा चेहरा उतरला, मामा मला पायानं ढोसत राहिला. तेवढ्यात आतल्या दारातून मुलीनं विचारलं, "टोचतं कोण?"

"मीच."

"अन् जेवाण येळेवर मिळालं तर असं हुत न्हाई?"

"नाही."

ती वडिलांकडे वळली. "आबा, त्यांनी लपवलं तर न्हाई."

"व्हय, ते बी खरंच," आबा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा साखर आणायला सांगितली.

लग्नानंतर चिंचवडच्या खोलीत रोज सकाळी एका स्टोव्हवर चहा आणि दुसऱ्यावर काचेची सिरिंज उकळायची. मग बायको परीक्षानळीत औषधाचं निळं पाणी आणि लघवीचे थेंब तापवायची. साखर नसली की पाणी निळंच राहायचं. जास्त असली की विटकरी व्हायचं. "आज निळं!" ती अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडायची.

शेजारच्या काकूंना वाटलं, ही घरी कपडे रंगवते. एक दिवस त्या पांढरं पातळ घेऊन आल्या. "माझंही निळं करून दे गं."

बायको हसून हसून खाली बसली. मग बाजारातून रंग आणून तिनं ते पातळ खरंच रंगवून दिलं.