कावळ्याचं पान

माझी भावजय तारा वर्षभर दोन्ही वेळा जेवत होती, पण तिला चव लागत नव्हती. हे मला कळलं ते एका आळणी वरणामुळे.

मी शामला. इतवारीत आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि गल्ल्यावर मीच बसते, कारण माझ्या नवऱ्याला गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही. मला येतं. मधुसूदन माझा धाकटा भाऊ, सरकारी कचेरीत क्लार्क होता. मागच्या वर्षी दसरा झाला, आपट्याची पानं अजून देवापुढे वाळत होती, आणि मधू गेला. दाढी करता करता खाली बसला तो उठलाच नाही. रिटायर होऊन वर्षही झालं नव्हतं.

तेव्हापासून दुकानातून उठली की मी डबा घेऊन धरमपेठेला ताराकडे जायची. एकदा घाईत वरणात मीठ घालायचंच विसरली. पहिला घास घेतला आणि मीच थांबली. तारा जेवून राहिली होती. तिनं भात संपवला, वरण पुन्हा वाढून घेतलं, तेही संपवलं आणि ताट उचलून मोरीकडे गेली. आता ही तारा कोण, ते सांगते. तीस वर्षं हिनं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली. 'बाईच्या भाजीत मीठ नाही अन् बोलण्यात सारं तिखट,' असं चारचौघांत म्हणायची. मधू हसायचा आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि आता बिनमिठाचं वरण तिच्या घशाखाली उतरलं आणि तिला पत्ताही नाही. मधू गेला तेव्हा मला दुःख झालं होतं. त्या दिवशी भीती वाटली.

ती रडलीच नव्हती. मधूला नेलं तेव्हा नाही, तेराव्याला नाही, नंतरही नाही. लोक म्हणत, तारा किती खंबीर आहे. खंबीर, डोंबलाची. विचारलं तर म्हणायची, "बरं हाय, बाई." साड्यांना फॉल लावायचं तिचं काम चालू होतं. मशीन चालायची, दोरा संपला की नवा घालायची. डॉक्टरनं सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही, आणि वजन मात्र उतरत होतं. ब्लाउज खांद्यावरून घसरायचे. दुसऱ्यांचे कपडे दुरुस्त करणारी बाई, पण स्वतःचे ब्लाउज आत घ्यायचं तिला सुचलं नाही.

तारा मूळची कन्हानची. तिचे वडील नत्थूजी तिथं खाणीत कामाला होते. कन्हान सोडून ती नागपूरला आली, आणि नागपूर सोडून फारशी कुठे गेलीच नाही. शेगाव झालं, रामटेक झालं, लग्नाकार्याला अमरावती-अकोला झालं. घरात सासूचं दुखणं, मग केयूरची शाळा, मग त्याचं कॉलेज. केयूर म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, आता बंगलोरला असतो. कुठे जायचं निघालं की ताराच आधी म्हणायची, घरी कोण राहील. मग घरी तीच राहायची.

फिरायचे बेत मधूचे. त्यातही एकच बेत. लग्न असो, बारसं असो, पंगतीत बसला की सुरू व्हायचा, "रिटायर झालो का कुद्रेमुख." कर्नाटकात समुद्राजवळ डोंगर आहेत, घोड्याच्या तोंडासारखा कडा आहे म्हणून कुद्रेमुख, सगळं राष्ट्रीय उद्यान आहे, गवताचे हिरवेगार डोंगर, खाली जंगल, आणि आभाळ उघडं असलं तर वरून समुद्र दिसतो. हे आम्हाला पाठ झालं होतं. कोणी म्हणायचं, "तिथं वाघ दिसते का?" आमच्या नागपूरकडे जंगल म्हटलं की हाच एक प्रश्न. मधू म्हणायचा, "वाघ ताडोब्यात पाह्य ना गा. तिथं समुद्र पाहाचा असते." त्याला हे कुठून सुचलं, हे मात्र आम्ही कधी विचारलं नाही.

दहाव्याला आम्ही कन्हान नदीवर गेलो. ऑक्टोबरचं ऊन, रेतीवर पाय ठेववत नव्हता. केयूरनं पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर होते, चांगले पाच-सहा, पण एक खाली उतरेल तर शपथ. आता आपल्यात कसं असतं, गेलेल्याचं मन कशात तरी अडकलं असलं की कावळा शिवत नाही. मग एकेकानं सांगायला सुरुवात केली. मोठे काका रामाजी म्हणाले, केयूरचं लग्न थाटात करू. कावळा नाही. केयूर म्हणाला, बाबा, आईची काळजी करू नका. कावळा नाही. गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा करायला घेतला. तारा बाजूला उभी होती, डोक्यावर पदर, पिंडाकडेही पाहत नव्हती, झाडाकडेही नाही.

माझा संताप झाला. माझा सख्खा भाऊ आणि त्याच्या पिंडाला गवताचा कावळा लावणार? मी पुढे झाली आणि म्हटलं, "मधू, तुयं कुद्रेमुख राह्यलं ना गा? वर्षाच्या आत मी सोता जाईन. ताराले संग घेऊन जाईन." ताराचं नाव मी का घेतलं, तर एकटी कशी जाणार म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं. कावळा आला. पिंडाला चोच लावली, भाताचं शीत उचललं आणि गेला. रामाजी काकांनी मला हात जोडले. भावाचं मन बहिणीलाच कळतं, असं सगळे म्हणाले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

मग वर्ष उलटत आलं तशी मी केयूरच्या मागे लागली. त्यानं जंगलाचा परवाना काढला, पायथ्याच्या गावात एका घरी राहायची सोय केली. ताराला सांगितलं तर म्हणाली, "बरं." जाऊ या म्हटलं तरी बरं, नको म्हटलं असतं तरी बरंच म्हणाली असती. मी मनात ठरवलं होतं. कबूल केलेलं तर फेडायचंच, पण तिथंच, त्या डोंगरावर, मधूच्या वर्षश्राद्धाचं पान मांडायचं. त्याच्या आवडीच्या जागी त्याचा कावळा जेवला की ताराच्या आतलं काहीतरी मोकळं होईल. नाही झालं तर पुढचं वर्ष ही बाई काढत नाही, हे मला दिसत होतं. इतवारीतून पळसाच्या पत्रावळी घेतल्या आणि निघालो.

बंगलोरला केयूरनं आम्हाला टॅक्सीत बसवलं. त्याला सुटी नव्हती. घाट लागला आणि मला गाडी लागली. दोनदा गाडी थांबवावी लागली. आमच्या घराण्यातच हे आहे. मधूला तर रामटेकला जायचं म्हटलं तरी हातात लिंबू लागायचं. मी तोंड पुसत ताराला म्हटलं, "मधू असता तर या घाटात मेलाच असता." म्हटल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. तारा खिडकीतून बाहेर पाहत होती. बाहेर एवढी मोठी झाडं, धबधबे, आणि ती अशी पाहत होती, जशी काही एसटी स्टँडवर बसली आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्या घरच्या बाईच्या चुलीवर मी वरणभात केला, उडदाचे वडे केले, खीर केली. तिला मराठी येत नव्हतं आणि मला कानडी, त्यामुळे आमचं छान जमलं. मीठ तिच्याकडे खड्याचं होतं. अंदाज येईना, म्हणून जपूनच घातलं. श्राद्धाचं म्हणून चाखून तर पाहता येत नाही. डबा भरला, पत्रावळी पिशवीत घातल्या आणि जीपनं वर गेलो. पुढे पायी.

सोबत जंगल खात्याचा गाइड होता, मंजय्या, आमच्याच वयाचा, हिंदी बोलायचा. शेंड्यापर्यंत जाणं आमच्यानं होणार नव्हतं हे त्यानं पाहूनच ओळखलं. अर्ध्या वाटेवर गवताची एक धार आहे, तिथवर नेतो म्हणाला. वाट ओली होती. जळवा चपलेतून आत शिरत होत्या. माझ्या पायाला एक चिकटली तर मी पूर्ण इतवारी ऐकेल एवढी ओरडली. ताराच्या घोट्यावर दोन होत्या, रक्त वाहत होतं. मंजय्यानं मीठ चोळून काढल्या. तिनं पायाकडे पाहिलं आणि चालायला लागली. दुखतं का विचारलं तर म्हणाली, "नाही."

धारेवर पोचलो तर समोर काही नाही. पांढरं धुकं. मंजय्या बोट करून म्हणाला, "उधर समुंदर." तिकडेही धुकंच. एवढा खर्च, एवढा प्रवास, दोनदा उलटी, आणि हे. मी म्हटलं जाऊ दे, आपल्याला समुद्राशी काय करायचं आहे. खाली बसली, पत्रावळ मांडली, भात वाढला, वरण घातलं, वडे ठेवले, खीर ठेवली. आणि कावळा कुठे दिसतो का पाहायला लागली.

मंजय्या धावत आला. "अम्मा, ये नहीं चलेगा. इधर जानवर, पंछी को खाना नहीं देने का. मना है."

मी म्हटलं, "जानवर का नहीं है. मेरे भाई का है. साल का श्राद्ध है, समझता क्या?"

"समझता है अम्मा. मेरा बाप का मैं भी रखता, कौवे को. घर में रखता. ये जंगल है. एक को खाना दिया तो कल सब आता, आदमी के पीछे." मग जरा थांबून म्हणाला, "और इधर का कौवा तुम्हारा भाई को कैसे पहचानेगा? या तो खा लो, या वापस डब्बे में."

माझा पारा चढला. इतवारीत मी ठोक व्यापाऱ्यांना पाणी पाजलं आहे, हा कोण मला सांगणार. मी बोलत सुटली. कावळ्यानं खाल्लं नाही तर माझ्या भावाचं मन अडकून राहील, नदीवर कबूल केलं आहे, तुमच्या कायद्याला काय कळतं. तो माणूस नुसता हात बांधून उभा राहिला. आणि मागून ताराचा आवाज आला.

"बाई, त्यायले नव्हतं यायचं इथं."

मी वळली. ती गवतावर बसली होती, पाय पसरून, घोट्यावर सुकलेलं रक्त.

"त्यायले गाडी लागे. रामटेकपर्यंत लिंबू लागे, तुमालेच तर मालूम हाय. ते कायले येतात या घाटात?" ती सावकाश बोलत होती. "इथं तवा लोखंडाची खाण होती. बाबा एकदा तिच्या कामानं इथं राहून गेले होते. मी लहान होती. घरी आले तं रोज सांगत, तिथं घरात धुकं येते, अन् डोंगरावरून समुद्र दिसते. मले लई यायचं होतं. लग्न झाल्यावर मी त्यायले सांगतलं. ते म्हणाले, नेतो. दरवर्षी म्हणत, रिटायर झालो का नेतो. चार लोकांत सांगत, म्हणून मलेही खरं वाटे."

मी म्हटलं, "म्हणजे हे तुयं होतं?"

"माहंच होतं."

भावाचं मन बहिणीला कळतं म्हणे. पंगतीत बसून बढाया मारणाऱ्याचं मी सगळं खरं धरलं होतं, आणि जिची ती इच्छा होती तिला मी नदीवर शेपटासारखं मागे जोडलं होतं, एकटी कशी जाऊ म्हणून. कावळा माझ्या शब्दाला आला नव्हता. तिचं नाव निघालं तेव्हा आला होता. मला मधूचा राग आला, मेलेल्या माणसाचा, आणि त्याच दमात त्याची कीवही आली.

तारा सरकत पत्रावळीजवळ आली. मंजय्याला म्हणाली, "मैं खाई तो चलेगा ना?"

तो म्हणाला, "चलेगा अम्मा. पूरा खाओ. नीचे कुछ गिराओ मत."

मी अडवणार होती. श्राद्धाचं पान, कावळ्याआधी, आणि तेही विधवेनं. असं आमच्यात कोणी केलेलं नाही. पण हात पुढे झाला नाही. तिनं पान मांडीवर ओढलं. धुकं आमच्या अंगावरून चाललं होतं, केस ओले झाले होते, आणि समुद्र काही दिसत नव्हता. तिनं भात कालवला, वरण कालवलं, मोठा घास केला आणि तोंडात घातला. चावला. मग चावणं थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली, तीस वर्षं घालायची तशीच.

"बाई," ती म्हणाली, "मीठ कमी हाय जी."

मी म्हटलं, "हाय तसं खाय," आणि तोंड फिरवून रडली.