एका माईकपुढं दोन जावा

मला राग लवकर येतो. आता वयानं जरा निवळलाय, तेव्हा मात्र नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या रविवारी आमच्या घरात जे झालं, त्यात माझ्या रागाचा वाटा मोठा होता.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरचं साल असेल. आईच्या घशात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी बुधवारी दवाखान्यात भरती व्हायला सांगितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, गाठ निघेल, जेवणखाण होईल, पण आवाज राहील की नाही ते सांगता येत नाही. मी ते परतीच्या एसटीत आईला सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत "बरं" म्हणाली. एरवी ती एवढ्यावर थांबायची नाही, म्हणून मला धास्ती बसली.

आमचं घर वेल्ह्याच्या अलीकडं एका वाडीत. अंगणात उभं राहिलं की समोर तोरणा. मी भोरला एका दुकानात कारकुनी करायचो आणि रविवारी घरी यायचो. घरात आई आणि माझी धाकटी चुलती. दोघी जावा वीस-बावीस वर्षं एकाच जात्यावर दळत आलेल्या. आई ओवीची पहिली ओळ उचलायची, दुसरी काकी धरायची. ओव्या बहुतेक आईनंच जुळवलेल्या, आमच्या ओढ्याच्या, तिच्या भावाच्या, एका आंधळ्या म्हशीच्या. कुठं लिहून ठेवलेल्या नव्हत्या. आवाज गेला की त्याही जाणार, हे माझ्या डोक्यात एसटीतच शिरलं आणि मग काही केल्या निघेना.

भोरला माझा एक मित्र मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा करायचा. बोटीवर नोकरीला असलेल्या त्याच्या मेव्हण्यानं त्याला परदेशातून एक कॅसेटचा टेपरेकॉर्डर आणून दिला होता, वायरचा माईक असलेला. तो त्यानं मला एक दिवसासाठी दिला. एक कॅसेट आणि सहा सेल. सोमवारी त्याचं लग्नाचं काम होतं, म्हणून रविवारच्या शेवटच्या एसटीनं यंत्र परत आलं पाहिजे, असं त्यानं दोनदा बजावलं. जाताना शिकवणही दिली. माईक एकच असला की आवाज कमी-जास्त करायची कळ म्हणजे माणूस. ज्याचा आवाज मोठा त्याला मागं सरकव, लहान त्याला पुढं घे. मला वाटलं, एवढं तर कुणालाही जमेल.

कसलं जमतंय! सकाळी आल्याआल्या मी कोंबड्या हाकलल्या, छताचा पत्रा दणदणतो म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्या, माईक पालथ्या पातेल्यावर ठेवला आणि आईला म्हणालो, म्हण. तिनं पहिली ओळ म्हटली आणि थांबली. मी खुणेनं म्हटलं, पुढं. ती काकीकडं बघत बसली. एकटीनं कशी म्हणायची असते, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. मग काकीला शेजारी बसवलं. दोघींनी दोन ओव्या म्हटल्या आणि मी टेप मागं फिरवून ऐकला. खोलीभर नुसती काकी. आई म्हणजे तिच्या आवाजाखाली कुठंतरी घरघर.

मी काकीला तीन पावलं मागं सरकवलं. तरी तेच. मग उंबऱ्यापाशी, मग अंगणात. अंगणातून तिला आईचं ऐकू येईना, ती अर्धी ओळ पुढं जायची आणि आई वाट बघत अडकायची. एका घरात आई आणि दुसऱ्या घरात काकी गात असावी, असं टेपवर ऐकू येत होतं. मी आधीचं पुसून कॅसेटच्या त्याच पट्टीवर परत परत भरत होतो, सेल खर्ची पडत होते, आणि यंत्रावरचा लाल दिवा मिणमिणायला लागला. नवे सेल वेल्ह्याच्या बाजारात मिळाले असते, पण जाऊन येईपर्यंत एसटी गेली असती. दुपार झाली. आईचा घसा दर खेपेला जास्तच बसत चालला होता, ते मला दिसत होतं, आणि तरी मी तिला पुन्हा म्हण, पुन्हा म्हण करत होतो.

पाचव्या खेपेला माझा तोल सुटला. मी अंगणात जाऊन काकीवर ओरडलो, "तुमाला हळू म्हणता येत न्हाई का? आईचा आवाज गिळून टाकला तुमी!"

चुलतीला असं बोलायची आमच्यात रीत नाही. तिनं पदर सावरला, आत आली आणि आईसमोर बसली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"दिवाळीपासनं म्या मुद्दाम मोठ्यानं म्हणतीया," ती आईला म्हणाली. "आक्का, तुमचा आवाज फाटत व्हता. लोकांस्नी कळू नये, तुमालाबी कळू नये, म्हणून."

मी खांबाला टेकून उभा राहिलो. मला वाटलं, आता आई रडणार. आई म्हणाली, "मला ठावं हाय की गं. म्हणून तर म्या गात राह्यले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला हवी होती, तीही माझ्यानं झाली नाही. मी वायर गुंडाळायला लागलो तर आईनं हात धरला. जात्यापाशी बसवून बघ, असं ती म्हणाली. मी म्हटलं, जात्याची घरघर टेपवर भरेल. मग मीच सुचवलं, रिकामंच फिरवा, नुसतं दळायला बसल्यासारखं. त्यावर दोघी एकदमच मान हलवायला लागल्या. रिकामं जातं ओढत नाहीत, ते अशुभ. त्यातून बुधवारी दवाखान्यात जायचंय. काकीनं सुपात नाचणी घेतली. मी कपाळाला हात लावला, पण त्यांच्यापुढं माझं काय चालणार? जात्याखाली ओलं पोतं घातलं, माईक सुतळीनं आढ्याला टांगला आणि आईच्या तोंडापासून वीतभर अंतरावर सोडला. मी यंत्र घेऊन उंबऱ्याबाहेर बसलो. दिवा जेमतेम लागत होता. ही शेवटची खेप, हे तिघांनाही कळत होतं.

नाचणी बारीक. त्यामुळं दगड असा मऊ फिरला, की घरघरीचा नुसता श्वास राहिला. दोघी समोरासमोर, एकाच खुंट्यावर दोन हात. आईनं पहिली ओळ उचलली. आवाज चिरकला होता, पण लागला. आणि मग मी काकीकडं बघतच राहिलो. खुंटा तिच्याकडं यायचा तेव्हा ती मागं रेलायची, आणि तेवढ्यातच आपली ओळ सोडायची, तोंड भिंतीकडं करून. आईच्या खाली, आईला जागा ठेवून. आईचा आवाज मधेच तुटला की काकी तो झाकायला जायची नाही. नुसतं जातं एक फेरा जास्त फिरवायची. तेवढ्यात आईला दम मिळायचा आणि ती तुटली होती तिथूनच पुढं धरायची. सकाळपासून मी पावलं मोजत होतो, ते काम ही बाई बावीस वर्षं बसल्या जागी करत होती.

तीन ओव्या झाल्या. चौथी म्हशीची. आई शेवटच्या ओळीवर होती आणि वाटेनं शेळ्या घेऊन जाणाऱ्या एका गड्यानं शीळ घातली. माझं टाळकंच फिरलं. सगळं विसरून मी बसल्या जागेवरून असा काही ओरडलो, "ए, गप ए!" की शेळ्यासुद्धा थबकल्या.

जातं थांबलं. मग आईचा आवाज आला, ओवीचा नव्हे, रोजचा, स्वच्छ.

"आरं, आधी तुझा आवाज कमी कर."

काकी फस्सकन हसली. लाल दिवा विझला. नवं काही भरायला यंत्रात जीव उरला नव्हता. मी ते पिशवीत घातलं आणि एसटीकडं पळालो.

बुधवारी आई भरती झाली. गाठ निघाली, आई वाचली, आवाज नाही वाचला. पुढं अकरा वर्षं ती होती. हाक मारायची झाली की पितळी तांब्यावर बोटांनी टकटक करायची. जात्यावर मात्र दोघी तशाच बसायच्या. आता पहिली ओळ काकी उचलायची आणि दुसऱ्या ओळीची जागा मोकळी सोडून नुसतं जातं ओढायची. ती जागा तिनं कधी स्वतः भरली नाही.

काकीची माफी मी त्या वर्षीच्या दिवाळीत मागितली. ती म्हणाली, कशाची रं? मी सांगितलं. तिनं माझ्या हातावर करंजी ठेवली आणि विषय संपवला.

मित्रानं नवे सेल घालून ती पट्टी ऐकवली आणि मलाच देऊन टाकली, तेव्हा कळलं, भरताना सेल मंदावले होते म्हणून पट्टी हळू फिरली होती. आता ती नीट फिरते, तर शेवटी शेवटी दोघी घाईत असल्यासारख्या आणि कोवळ्या वाटतात. आवाज मात्र जुळलेत. चार ओव्या, खाली नाचणीची सरसर, आणि सगळ्यात मोठा, सगळ्यात वाईट जागी पडलेला आवाज माझा. त्यानंतर आई बोलते ते वाक्य पट्टीवर इतकं बारीक येतं, की वीस वर्षांची मुलगी बोलतेय असं वाटावं.

घरी मी कधी चढ्या आवाजात बोललो, की आई चुलीपाशी बसल्या बसल्या माझ्याकडं बघायची आणि तळहात हवेत हळूच खाली दाबायची. मी गप व्हायचो. आता तो हात नाही. म्हणून राग आला की मी ती पट्टी लावतो.