रांजण कोणी उलथवला

लाल लुगडे वाळत घातलेले दिसले की अचलपूरचे ते अंगण अजून माझ्या डोळ्यांपुढे येते.

पहिल्या महायुद्धाची वर्षे. मी तिथे ठाणेदार होतो. कापड रंगवायची जर्मन पूड यायची थांबली आणि वऱ्हाडातले बाजार हळूहळू फिके पडले. पागोटी मळकट, लुगडी पांढुरकी. सारे गाव धुक्यातून पाहावे तसे दिसे. त्यातच अकोल्याच्या एका गिरणीतून लाल पुडीचे शिल्लक डबे चोरीला गेले.

एका म्हाताऱ्या रंगरेजाच्या घरामागचा ओढा लाल वाहतो, अशी खबऱ्याने बातमी आणली. मी गेलो. सकाळच्या उन्हात पाणी कुंकवासारखे सरकत होते. क्षणभर मी कशासाठी आलो तेच विसरलो.

मग त्याचे कोपरापर्यंत लाल हात दिसले. मला तोच पुरावा वाटला.

"डबा नाही साहेब, आल हाय," तो म्हणाला. "बापाच्या वावरातल्या मुळ्या खोदून आनल्या."

आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून पूर्वी लाल रंग करत, पण स्वस्त पूड आल्यापासून ती कोणी लावत नव्हते. मी हसलो आणि डबे तळाशी असतील म्हणून अंगणातला रंगाने भरलेला रांजण उलथवला. मुळ्यांचा चोथा तेवढा निघाला. तरी त्याला ठाण्यावर आणले.

जबानीत तो शांतपणे म्हणाला, "त्या पुडीनं माहा हुनर खाल्ला. मंग हमाली केली. लढाईनं हुनर वापस देला, तर तुमी आले. वावर तरी पाहून या."

दोन दिवसांनी हवालदाराला पाठवले. परत येऊन तो म्हणाला, "कमरेइतके खड्डे हायेत साहेब. बुढा खरं बोलून राहिला. पन आता तिथं एक मुळी नाही."

पुढे डबे गिरणीच्याच गुदाम कारकुनाकडे सापडले. रंगरेज सुटला. नवी आल लावली तर मुळे तयार व्हायला तीन-चार वर्षे लागतात. तेवढ्यात युद्ध संपले आणि पूड परत आली.

दूरच्या कारखान्याने लाल रंग गरिबाच्या अंगावर आणला, हे खरेच. पण कारखान्याच्या डब्याशिवाय लाल रंग होऊ शकतो, यावर माझा विश्वास उरला नव्हता. तपासात तीच माझी चूक.

दुसरी चूक नव्हे, गुन्हा. आरोपीने पुरावा नष्ट करण्यासाठी स्वतः रांजण उलथवला, असे मी रोजनामच्यात लिहिले. तो मी उलथवला होता.

नंतर तो भाजीबाजारात पोती वाहताना दिसे. मला पाहून सलाम करी. हात अगदी स्वच्छ असत.