पावसाळ्यातला स्टँड

सीमाभागातल्या निपाणीहून मी निघालो तेव्हा वडील माझ्या अँबॅसिडरच्या खिडकीशी उभे होते. त्यांनी आयुष्यभर तंबाखूचा ट्रक चालवला होता. "परक्या गावात मान खाली घालून राहा," एवढंच म्हणाले. आई दाराबाहेर आलीच नाही. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बेंगळुरात टुरिस्ट गाडी चालवून पोट भरायचं, असं मी ठरवलं होतं.

एप्रिल-मेमध्ये म्हैसूर आणि उटीच्या फेऱ्यांत श्वास घ्यायला फुरसत नसे. जून लागला आणि मॅजेस्टिक बसस्थानकाजवळच्या आमच्या टॅक्सी स्टँडवर गाड्या नुसत्या भिजत उभ्या राहिल्या. माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. कुणाचा नंबर, कुणाचं गिऱ्हाईक, यावरून रोज कॉलर धरली जायची.

एका सकाळी पुण्याचं एक कुटुंब आलं. माझं मराठी ऐकलं आणि सरळ माझ्या गाडीत बसलं. नंबर होता शिवण्णा नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरचा. मी त्यांना उतरा म्हणेपर्यंत शिवण्णानं टॉमी, चाक खोलायची लोखंडी कांब, उचलली होती. पहिला घाव काचेवर बसला. मागच्या सीटवरची बाई किंचाळली. दुसरा घाव मी उजव्या हातावर झेलला. आत काहीतरी मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. कुणी मधे आलं नाही.

प्लास्टरमधला हात घेऊन मी खोलीत पडून राहिलो. रोज एकच विचार करायचो, त्याला कसा मारायचा. गावी काही कळवलं नाही. शेवटी डाव्या हातात लोखंडी पाना घेऊन स्टँडवर गेलो.

तिथं आधीच घोळका होता. या वेळी शिवण्णानंच कुणाचं तरी गिऱ्हाईक पळवलं होतं. पाच-सहा जण त्याला लाथांनी तुडवत होते. त्याच्या गाडीच्या काचा रस्त्यावर पसरल्या होत्या, आतली सीट पेटली होती. तो तोंड झाकून चिखलात पडला होता. माझ्या हातातला पाना कधी सुटला, कळलंच नाही. मी आत घुसलो आणि त्याच्या अंगावर ओणवा झालो. प्लास्टरवर दांडा बसला, ते फुटलं. त्या कळेनं मी ओरडलो तेव्हा लोक थांबले.

इस्पितळाच्या बाकावर शिवण्णानं सुजलेल्या ओठांनी विचारलं, "याके?" का, म्हणून. मी म्हणालो, "गोत्तिल्ल अण्णा." माहीत नाही.

त्याची गाडी गेली होती, माझा हात. मग उरलेला पावसाळा आम्ही माझ्या एकाच गाडीवर काढला. तो चालवायचा, मी शेजारी बसायचो. सकाळी इंदिरानगरची शाळकरी पोरं, दुपारी बाजाराची भाजी. पहिले काही दिवस आम्ही एक शब्दही बोललो नाही. दसऱ्याला म्हैसूरची गिऱ्हाइकं आली तेव्हा आम्ही त्यांच्यासमोर एकमेकांची थट्टा करत होतो.

पुढं कधीतरी आईला सगळं सांगितलं. तिनं माझा वाकडा जुळलेला हात चाचपला. "ज्यानं मारलं, त्याच्याच शेजारी गाडी लावतोस?"

हो म्हणालो. ती चुलीकडं वळली. "मग त्याला दिवाळीला घेऊन ये," म्हणाली.

गावाकडच्या आणि माझ्यासारख्या गाव सोडलेल्या मंडळींनो, तुम्ही विचारता, घरी कधी येणार? शिवण्णा त्या दिवाळीला आला. आईशी कन्नडमध्ये इतका बोलला की मला मधे शिरताच येईना. चौथ्या दिवशी मी बॅग भरायला घेतली तेव्हा तिनं त्यालाच विचारलं, "घरी पोचल्यावर फोन करशील ना?"

ती बेंगळूरला घर म्हणाली होती. मी तिची चूक काढली नाही.