फोर्ज शॉपचे कान

रविवार, ११ जानेवारी. सकाळी दाट धुकं, अकरानंतर फिकट ऊन.

धुकं पडलं की आमच्या फोर्ज शॉपचे जुने लोक घरात थांबत नाहीत. रांझीच्या मैदानाजवळच्या बाकावर येऊन बसतात, आणि एक किस्सा निघाला की त्याच्यामागून दुसरा चालत येतो. जन्मभर घणाखाली तापलेलं लोखंड ठोकलेली ही माणसं. रिटायर होताना शाल घेऊन घरी आली, कान फॅक्टरीतच राहिले. मी अजून नोकरीत आहे, म्हणून ऐकायचं काम माझ्याकडे.

*

घणांच्या आवाजात बोलणं शक्यच नसायचं. सगळे एकमेकांचे ओठ वाचायचे, उरलेलं हातांनी. ती सवय बाहेरही आली. एका शोकसभेत सगळे स्तब्ध उभे असताना तिवारीजींनी हॉलच्या त्या टोकाहून नुसते ओठ हलवून विचारलं, "चाय मिलेगी?" मुकुंदकाकांनी या टोकाहून, हार घातलेल्या फोटोकडे डोळ्यांनी खुणावत, तसंच उत्तर दिलं, "पहले इन्हें तो जाने दो."

शॉपच्या सगळ्यांचे खांदे हलू लागले. बाकीच्यांना वाटलं, हुंदके आहेत.

*

कानाचं मशीन आधी तिवारीजींनी घेतलं. तपासणी नाही, काही नाही, सिहोऱ्याच्या बाजारातून सरळ. घालून बाकावर आले आणि लगेच काढून खिशात ठेवलं. म्हणाले, "भैया, इसमें पूरे मोहल्ले के कुकर एक साथ बोलते हैं."

मुकुंदकाकांना फार बरं वाटलं. मला म्हणाले, "मला काहून पाहिजे मशीन? तू बोलून राहिला, मी समजून राहिलो."

समजत होते खरंच. मी समोर उभा होतो.

*

मग मागच्या पावसाळ्यात मुकुंदकाकांच्या बायकोला, शैलाकाकूंना, अर्धांगाचा हलका झटका आला. हातपाय सावरले, पण तोंड एका बाजूला ओढलेलं राहिलं, आवाज बारीक झाला. त्या तोंडावर पदर धरून बोलू लागल्या. काका प्रत्येक गोष्टीला मान हलवायचे. एकदा काकूंनी विचारलं, आज जेवायचं नाही का? काकांनी हसून होकार दिला. काकूंनी ताट आत नेलं.

त्या दिवशी त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "इतकी वर्षं हे माझं तोंड वाचत होते गं. ऐकत नव्हते."

त्यानंतर काकूंनी बोलणं जवळजवळ सोडलं. काका बाकावर यायचे, पण किस्सा सांगायचे नाहीत. एक दिवस आपणच मला म्हणाले, "चल बावा, कुठं जायचं ते."

*

मदन महलला कान तपासणाऱ्या एक दीदी आहेत. काकांना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, आवाज आला की बोट वर करा म्हणाल्या. काका दरवेळी बरोबर बोट वर करत होते. दीदी चकित. मग त्यांच्या लक्षात आलं, काका काचेतून त्यांचं बटणावरचं बोट बघत होते!

त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. काका किती तरी वेळ तसेच बसून राहिले, हात मांडीवर, तळ्याकाठी बसल्यासारखे.

*

दोन्ही कानांना मशीन लागेल असं ठरलं. काकांना कानाच्या आत लपणारं, अगदी बारीक हवं होतं. दीदींनी त्यांची घणावरची जाड बोटं पाहिली आणि म्हणाल्या, "अंकल जी, जो किसी को नहीं दिखेगी, वो आपको भी नहीं मिलेगी." मग कानामागे बसणारं, चार्ज होणारं घेतलं. घरी पंधरा दिवस वापरून बघा, सुरुवातीला रोज थोडा वेळ, शांत खोलीत, आणि त्रास झाला तर परत या, जुळवून देऊ, असं त्यांनी दोनदा बजावलं.

बाहेर आलो तर काका फाटकापाशीच थांबले. झाडावर पोपट होते, कुणी तरी अंगण झाडत होतं. काका एक पाऊल टाकत, थांबत, परत टाकत. स्वतःच्या चपला ऐकत होते.

"हे सगळं चालूच होतं का रे?" त्यांनी विचारलं.

*

आज सकाळी त्यांच्याकडे गेलो. काकू काकांकडे पाठ करून मेथी निवडत होत्या, पदर तोंडावर. काका पेपरामागे. मला पाहून काकू हळूच म्हणाल्या, "आता पेपर तोंडावर घेऊन झोपतील."

पेपरामागून आवाज आला, "झोपलो नाही."

काकूंचा हात मेथीवर थांबला. मान न वळवता त्या म्हणाल्या, "मग दूध आणा."

काका उठले, पिशवी घेतली आणि अर्धा लीटर दूध घेऊन आले. काकू जेवणापर्यंत बोलत होत्या.